बाटली-हिरव्याची घडी

मधुरिमाचा मेसेज आला तेव्हा कस्तुरी कॉलेजच्या ऑफिसात खिडकीपाशी बसून कुणा मुलाच्या वडिलांना चौथ्यांदा समजावत होती की मायग्रेशन सर्टिफिकेट वेगळं आणि ट्रान्सफर सर्टिफिकेट वेगळं. टेबलावर फोन थरथरला. ‘आईसाहेबांची पंचाहत्तरी. शनिवार, रात्री आठ, विजय नगर, सोळावा मजला.’ मग एक ओळ सोडून, ठसठशीत : ‘ड्रेस कोड : स्मार्ट अँड एलिगंट. प्लीज सगळ्यांनी फॉलो करा हं.’ आणि खाली जोडलेले दोन हात.

ग्रुपवर घरातली अकरा माणसं होती. पण ते हात कुणाला जोडलेत हे कस्तुरीला कुणी सांगायला नको होतं.

मधुरिमा तिची धाकटी जाऊ. दीर शाम आणि मधुरिमा विजय नगरात राहतात, जिथे दर सहा महिन्यांनी एक नवं हॉटेल उघडतं आणि मधुरिमा तिथे सगळ्यांच्या आधी जेवून येते. कस्तुरी, तिचे यजमान जयसिंगराव, मुलगी पलक आणि सासूबाई द्वारकाबाई, ज्यांना सगळे आईसाहेब म्हणतात, ते शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, राऊला. ‘राऊ म्हणजे शहर कुठलं, पुढचं अर्धं महूच ना,’ असं मधुरिमा म्हणते आणि प्रत्येक वेळी पहिल्यांदाच सुचल्यासारखी हसते.

हॉटेलातल्या अशा उंच मजल्यावरच्या जेवणाला कस्तुरी आजवर दोनदा गेली होती. पहिल्यांदा साधी सुती साडी नेसून. मधुरिमाने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, “ताई, ऑफिसातून डायरेक्ट का?” म्हणून दुसऱ्या वेळी कस्तुरीने लग्नातला शालू काढला आणि नथ सोडून सगळं अंगावर चढवलं. मधुरिमा म्हणाली, “ताई, अहो डिनर आहे, वरात नाही!” सगळं टेबल हसलं. कस्तुरीही हसली. विनोद चांगला होता, हीच तर पंचाईत.

मधुरिमा दुष्ट होती असं नाही. आजारपणात रात्ररात्र बसणारी बाई. फक्त तिच्या जिभेला कपडे दिसले की राहवत नसे. आणि कस्तुरीला या खेपेला एवढंच हवं होतं की आपण दारातून आत शिरावं आणि त्या जिभेने गप्प बसावं. जन्मभर नाही, एक मिनिट. एका मिनिटाची शांतता, बस.

“मम्मा, तू टेन्शनच नको घेऊ,” पलक म्हणाली. पलक एकवीस वर्षांची, आणि कपड्यांच्या बाबतीत स्वतःला डॉक्टर समजणारी. “अपन मॉलला जाऊ. तू बस ट्राय कर. नाही आवडलं तर रेन दे, परत ठेवू.”

मॉलमध्ये पलकने सतरा कपडे पाहिले, सोळा नाकारले आणि सतरावा आईच्या हातात कोंबून तिला ट्रायल रूममध्ये ढकललं. तो जंपसूट होता. बाटलीच्या काचेसारखा हिरवा, बिनबाह्यांचा, पायात घोळदार, कमरेला त्याच कापडाची गाठ आणि डाव्या काखेखाली चोरटी चेन. पन्नाशीला टेकलेल्या बाईने एकाच कपड्यात आधी दोन्ही पाय घालायचे आणि मग तोच कपडा खांद्यापर्यंत ओढायचा, हे काही सोपं काम नव्हे. आतली आदळआपट ऐकून बाहेरच्या मुलीने दोनदा विचारलं, “मॅम, ऑल ओके?”

मग कस्तुरीने आरशात पाहिलं. समोर एक उंच बाई उभी होती. कस्तुरी उंच आहे हे निऱ्यांनी आणि पदराने पंचवीस वर्षं कुणाला कळूच दिलं नव्हतं, तिला स्वतःलासुद्धा. ती जरा वळली. ती बाईही वळली, आणि चांगली वळली.

“बाहेर ये ना मम्मा!” पलक ओरडली. कस्तुरी बाहेर आली. पलकने तोंडावर हात ठेवला. “गजब. मम्मा, काकू तो गई.”

आता राहिली घडी.

त्यांच्या घरात नवं वस्त्र आलं की त्याची घडी आधी आईसाहेबांनी मोडायची, हा रिवाज. दुसऱ्या घरांत मायेच्या माणसाला कधीमधी साडीची घडी मोडायला देतात. इथे मात्र आईसाहेबांच्या हातून सुटका कशाचीच नव्हती. साडी असेल तर त्या ती पाच मिनिटं नेसत, देवापुढे उभ्या राहत, तळहातावर साखर घेत आणि मग “घे, आता तुझी” म्हणून सोडून देत. कुडता असेल तर खांद्यावर टाकून घरभर एक चक्कर. पलकची पहिली जीन्स आली तेव्हा त्यांनी ती मफलरीसारखी गळ्यात घालून सहा पोळ्या लाटल्या होत्या.

पण जंपसूट? कस्तुरीच्या सासरच्या पूर्वजांनी होळकरांच्या पागेत घोडे सांभाळले होते. पागा गेली, घोडे गेले, डोक्यावरचा पदर तेवढा राहिला. आईसाहेब अजूनही दाराची घंटा वाजली की आधी पदर सारखा करत आणि मग विचारत, कोण आहे. त्यांच्या हातात हा बिनबाह्यांचा कपडा ठेवून ‘घडी मोडा’ म्हणायचं कस्तुरीच्या जिवावर आलं. नाही म्हणाल्या तर संपलंच. आणि होकार-नकार काहीच न देता नुसत्या पाहत राहिल्या, तर त्याहून वाईट.

“लपव,” पलक म्हणाली. “शनिवारी वर शाल घेऊन निघायचं. तिथे पोचल्यावर शाल हटवायची. तोवर आजी काय करणार? सोळाव्या मजल्यावरून परत पाठवणार?”

तेव्हा कस्तुरीने जंपसूट रजयांच्या मोठ्या पिशवीत, दोन रजयांच्या मधोमध सरकवला. नोव्हेंबर उजाडला होता तरी थंडीचा पत्ता नव्हता, रजयांना कोण हात लावतंय? पंचवीस वर्षं ज्या बाईबरोबर संसार केला, ती नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी रजयांना ऊन दाखवतेच दाखवते, हे ऐन वेळी तिच्या डोक्यातून साफ निसटलं.

शनिवारी कस्तुरी अर्धी सुट्टी घेऊन पार्लरला गेली. केस असे बसवून घेतले की मान हलवली की सगळे एकदम हलायचे आणि एकदम जागेवर यायचे. सहाला घरी आली. गच्चीवर रजया नव्हत्या, आत घड्या घालून ठेवलेल्या होत्या. पिशवी पलंगावर, रिकामी.

आईसाहेबांच्या खोलीचं दार बंद होतं. कस्तुरीने हलकेच टकटक केलं.

“कोण?”

“मी, कस्तुरी.”

“एकटी आहेस?”

“हो.”

“मग ये. आणि आल्यावर कडी लाव.”

कस्तुरी आत शिरली आणि कडी लावायचं विसरली.

खोलीच्या मधोमध आईसाहेब उभ्या होत्या. अंगात जंपसूट. आत त्यांचं पांढरं, कोपरापर्यंत बाह्यांचं पोलकं, कारण उघडे दंड त्यांनी देवालासुद्धा दाखवले नसते. गळ्यात मोत्यांची सर. आणि डोक्यावर, पदर नाही म्हणून, न्हाणीघरातला निळा टॉवेल.

“हसू नकोस,” त्या म्हणाल्या.

“नाही हसत.”

“ओठ हलताहेत तुझे.”

“आईसाहेब, तुम्ही हा...”

“घडी मोडत होते. रजयांत सापडला. म्हटलं, पोरीने गडबडीत ठेवला असेल.” त्यांनी ‘गडबडीत’ या शब्दावर जरा जास्तच वेळ काढला. “खांद्यावर टाकून पाहिला तर लोंबायला लागला. म्हटलं, एवढे पाय दिलेत तर घालूनच पाहू. पाच मिनिटांसाठी. आता ती तुझी चेन वर गेली ती खालीच येईना. साडेचारपासून उभी आहे मी. बसायला भीती वाटते, फाटला तर?”

चेन काखेखाली अर्ध्यात अडली होती. आतल्या अस्तराचा एक तुकडा आणि पोलक्याची शिवण असं दोन्ही तिच्या दातांत घट्ट. कस्तुरीने ओढून पाहिलं. साबण लावून पाहिला. मेणबत्ती घासून पाहिली. तेवढ्यात पलक आली, तिने आजीला पाहिलं आणि जमिनीवर बसली. पाच मिनिटं तिचा काही उपयोग झाला नाही. डोळे पुसत उठली आणि म्हणाली, “आजी, खरं सांगते, तुला मस्त दिसतंय.”

“फाजीलपणा पुरे. चेन बघ.”

पलकने पाहिली. पोलकं तेवढं सुटलं, कारण त्याची शिवणच उसवली. अस्तर काही सुटेना.

बाहेरून जयसिंगरावांचा आवाज आला, “अगं, सात वाजले. ट्रॅफिक आहे. निघायचं की नाही?”

“पाच मिनिटं!” तिघी एकदम ओरडल्या.

कस्तुरीने शिवणाच्या डब्यातून कात्री काढली. आईसाहेबांच्या काखेशी नेली. हिरवं कापड बोटांत धरलं. इतकं मऊ कापड आजवर तिच्या अंगाला लागलं नव्हतं.

“कापते,” ती म्हणाली.

“कात्री ठेव खाली.”

“आईसाहेब, दुसरा काही इलाजच नाही.”

“ठेव म्हणते ना.” आईसाहेबांनी तिचा कात्रीचा हात बाजूला सारला. “तू या घरात आलीस तेव्हा तुझ्या सासऱ्यांना, कृष्णरावांना, जाऊन आठ महिने झाले होते. त्याआधी सगळी गल्ली माझ्याकडे यायची. द्वारकावहिनींचा हात चांगला, घडी मोडा, घडी मोडा. आणि ते गेले तशी एकदम बंद. माझी सख्खी बहीण सुनेची साडी माझ्या डोळ्यांसमोरून उचलून शेजारणीकडे घेऊन गेली. आणि तू आलीस देवासहून, येडी, भाजी आणल्यासारखी पिशवी हलवत, ‘आईसाहेब, घडी मोडता का?’”

“मला तेव्हा माहीत नव्हतं, की...”

“माहीत नव्हतं म्हणून तर.” आईसाहेबांनी टॉवेल सारखा केला. “आता पंचवीस वर्षांनी माहीत झालंय वाटतं. रजयांत ठेवलास.”

“तसं नाही हो! मी घाबरले. तुम्ही नाही म्हणाल म्हणून.”

“मी आजवर कशाला नाही म्हणाले?”

कस्तुरीने आठवून पाहिलं. स्कूटी. कॉलेजची गोव्याची सहल. रात्रीचा सिनेमा. आखूड केस. यादी बरीच लांब होती, पण ती वाचून दाखवायची ही वेळ नव्हती. पलक छताकडे पाहत होती.

“चला,” आईसाहेब म्हणाल्या. “शाल काढ माझी. मी अशीच येते.”

“अशाच?”

“मग काय कापतेस? लपवून ठेवण्याइतका घालायचा होता ना तुला? तो असा चिंध्या करून? वर शाल घेईन. त्या हॉटेलात म्हणे इतका अंधार असतो की ताटातलं दिसत नाही. मग मी कुणाला दिसतेय?”

दहा मिनिटांत निघायचं होतं. कस्तुरीने हाताला लागली ती साडी ओढली, राखाडी चंदेरी, कॉलेजात इन्स्पेक्शन असलं की नेसायची. पलक दारातून म्हणाली, “मम्मा, ऑफिसवाली?” कस्तुरी म्हणाली, “हओ.” पार्लरमध्ये बसवलेले केस त्या साडीवर असे दिसत होते जसं एखाद्याने सायकलला मोटारीचा हॉर्न लावावा.

गाडीत बसताना जयसिंगरावांचं लक्ष शालीखालून डोकावणाऱ्या घोळदार पायांकडे गेलं. “आईसाहेब, ही सलवार?”

“गुडघ्यांसाठी.”

“डॉक्टरांनी सांगितली?”

“मग काय मी सांगितली?”

जयसिंगरावांचं समाधान झालं. कुठल्याही गोष्टीत एकदा डॉक्टर आला की पुढचे प्रश्न त्यांना पडत नसत. राऊपासून विजय नगरपर्यंत त्यांनी सगळ्या सिग्नलांना नावं ठेवली आणि मागे बसलेल्या तिघींनी शालीची टोकं धरून ठेवली.

सोळाव्या मजल्यावर खरंच अंधार होता. पण दारातच एक दिवा होता, आणि त्या दिव्याखाली काळा कोट घातलेली एक गोड मुलगी. ती पुढे झाली, म्हणाली, “मे आय, मॅम?” आणि आईसाहेबांच्या डोक्या-खांद्यांवरून इतक्या अदबीने शाल उचलली की कुणी काही म्हणायच्या आत ती पार आत टांगली गेली. माहेरचं-सासरचं मिळून पंचाहत्तर वर्षांत आईसाहेबांचं डोकं चारचौघांत उघडं पडलं नव्हतं. त्यांचा हात सवयीने वर गेला, पदर सापडला नाही, केसांवरून तसाच फिरला आणि खाली आला. नुसता एक झोकदार नखरा झाला.

टेबलाशी मधुरिमा उभी होती. अंगात फिक्या मातकट रंगाचा लिननचा जोडीचा सूट, एक सुरकुती नाही. तिने पाहिलं. तोंड उघडलं. मिटलं.

आवाज आला तो दुसरीकडून. मधुरिमाची मैत्रीण देवयानी, जिचं स्वतःचं बुटीक होतं आणि जिच्या ‘वॉव’ला विजय नगरात वजन होतं, ती खुर्ची मागे सारून उठलीच. “वॉव! आंटी! हे बॉटल ग्रीनच्या आत व्हाइट पोलकं! काय लेअरिंग आहे! कुणी स्टाइल केलं हे?”

“चेनने,” आईसाहेब म्हणाल्या.

सगळे हसले. देवयानी सगळ्यांत जास्त. फोन निघाले, फोटो निघाले. शाम आईकडे बघत राहिला आणि शेवटी हळूच म्हणाला, “आईसाहेब, भारी!” जयसिंगरावांनी त्याच्या कानात सांगितलं, “गुडघ्यांसाठी आहे.”

मधुरिमा तोवर सावरली होती. “मीच तर म्हटलं होतं, स्मार्ट अँड एलिगंट,” ती देवयानीला म्हणाली. आणि मग वळून, काही मनात न ठेवता, निव्वळ सवयीने : “ताई, तुम्ही मात्र यंदाही ऑफिसातून डायरेक्ट हं!”

कस्तुरी हसली. हसताना पार्लरचे केस एकदम हलले आणि एकदम जागेवर आले. जे मिनिट तिला हवं होतं ते तिच्याच कपड्याने मिळवलं होतं, फक्त आत ती नव्हती. तिने पाण्याचा ग्लास उचलला. शेजारी आईसाहेबांनी ते वाक्य ऐकलं आणि त्या हातातला रुमाल कमरेला खोचायला गेल्या, कनवट सापडली नाही, म्हणून ठेवून दिला.

जेवण आलं. भल्यामोठ्या काळ्या पाटीवर लिंबाएवढा एक बाफला, म्हणजे कणकेचा उकडून भाजलेला गोळा, त्यावर डाळीचे तीन थेंब आणि फेस. वेटरने वाकून त्या पदार्थाचं बरंच मोठं नाव सांगितलं.

“हा बाफला आजारी आहे का?” आईसाहेबांनी कस्तुरीला विचारलं.

“हळू बोला.”

“वाळलाय बिचारा. आणि हा फेस?”

“डाळीचाच आहे.”

“डाळ उकळताना आपण जो काढून टाकतो तो?”

पलक पाण्यात ठसकली. आईसाहेबांनी तसले दोन आजारी बाफले खाल्ले, कोकमाचं कसलंसं पेय दोन ग्लास प्यायल्या, आणि मग त्यांचा चेहरा बदलला. त्या कस्तुरीकडे कलल्या.

“कस्तुरी, मला जायचंय.”

“घरी?”

“घरी कशाला जाऊ? बाथरूमला.”

कस्तुरीने जंपसूटकडे पाहिलं. गळ्यापासून घोट्यापर्यंत अखंड. हा प्रसंग येणार हे तिघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं.

“थोडं थांबता येईल?”

“साडेचारपासून थांबलेय मी.”

तिघी उठल्या. मधुरिमा म्हणाली, “सगळ्या एकदम?” पलक म्हणाली, “फोटो काढायचाय, आरसा चांगला आहे,” आणि त्या गेल्या. आईसाहेब वयाच्या मानाने बऱ्याच वेगाने.

बाथरूममध्ये संगमरवर, अत्तराचा वास आणि टिश्यूंची चळत घेऊन उभी असलेली कस्तुरीच्याच वयाची एक बाई. कस्तुरी आणि पलक दोन्हीकडून चेन ओढायला लागल्या तशी ती दोन मिनिटं बघत राहिली. मग तिने चळत बाजूला ठेवली.

“अरे, जोर मत लगाओ दीदी. चेन को मनाना पड़ता है. धमकाने से नी खुलती.” तिने आपल्या अंबाड्यातला काटा काढला. “बेबी, तुमारी काजल की पेंसिल दो.”

पलकने दिली. त्या बाईने चेनच्या दातांवर वरखाली काजळ घासलं, काट्याचं टोक अस्तराखाली घातलं आणि एक एक दोरा सोडवायला लागली, भाजी निवडावी तशी सावकाश. आईसाहेब डोळे मिटून खजराण्याच्या गणपतीला आळवत होत्या. नवस काय बोलल्या ते कळलं नाही, पण मोठा असावा.

सर्रकन चेन खाली आली.

आईसाहेब जवळच्या दारातून आत गेल्या आणि दार लागलं. बाहेरच्या तिघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि मग त्या हसायला लागल्या, भिंतीला धरून, आवाज दाबून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. थोड्या वेळाने दारावरून एक हिरवं बोचकं बाहेर आलं आणि कस्तुरीच्या डोक्यावर पडलं.

“घाल,” आतून हुकूम आला.

“आता? इथे?”

“मग काय राऊला जाऊन घालतेस? आणि तुझी साडी दे आत. परकरही. मी अशी किती वेळ उभी राहू?”

“आईसाहेब, पण सगळ्यांनी तुमच्या अंगावर पाहिलाय.”

“माझ्या अंगावर पाहिलाय म्हणून काय झिजला? कस्तुरी, त्या बयेने तुला ऑफिसातून आलीस म्हटलं. माझ्या वाढदिवशी. घाल तो.”

कस्तुरीने शेजारच्या दाराआड जाऊन राखाडी चंदेरी सोडली आणि वरून पलीकडे दिली. जंपसूट उबदार होता. त्याला बामाचा आणि चंदनाचा वास येत होता, थोडा रजईतल्या डांबरगोळीचाही. या वेळी पाय आपापल्या जागी गेले. चेन लोण्यासारखी वर चढली.

ती बाहेर आली. काटावाली बाई मागे सरकली, तिने मान तिरकी केली आणि म्हणाली, “हाँ. अब सही आदमी पे आया.” मग शेजारच्या दारातून डोक्यावर पदर घेतलेल्या आईसाहेब बाहेर येताना दिसल्या, तशी घाईने : “माफ करना माँजी.”

“माफ कशाला, खरंय,” आईसाहेब म्हणाल्या. स्वतःच्या पंचाहत्तरीला सुनेची इन्स्पेक्शनची साडी नेसून त्यांना इतकं हायसं वाटलं होतं की त्यांनी गळ्यातली मोत्यांची सर काढून सुनेच्या गळ्यात घातली. “नुसता गळा ओका दिसतो.”

टेबलापर्यंत वीसेक पावलं होती. कस्तुरी पहिली पाच घाईने चालली. मग तिला आठवलं की पायात निऱ्या नाहीत, अडखळायचं कारण नाही, आणि उरलेली पंधरा ती हळू चालली.

मधुरिमा शामला काही सांगत होती. तिने वर पाहिलं. हिरवा कपडा पाहिला. मग त्याच्या वरचा चेहरा पाहिला. मग मागून येणाऱ्या राखाडी चंदेरीकडे पाहिलं, आणि परत हिरव्याकडे. तिचा हात हवेत तसाच राहिला. जीभ गप्प.

कस्तुरीने खुर्ची ओढली, बसली, मांडीवर रुमाल पसरला. अजूनही गप्प. जयसिंगराव बायकोकडे आ वासून बघत होते. त्यांना डॉक्टरची आठवणसुद्धा आली नाही. मिनिट पुरं होऊन वर बरंच उरलं.

“म्हणजे तुम्ही दोघी एकमेकींचे कपडे घालता?” देवयानीनेच शेवटी विचारलं. “माझी सासू मला टीव्हीचा रिमोट देत नाही!”

“घालतो,” आईसाहेब म्हणाल्या. “हिचं नवं काहीही आधी माझ्या अंगाला लागतं.”

मधुरिमाने चमचा उगाच इकडचा तिकडे ठेवला. “मला नाही कधी असं म्हणालात, आईसाहेब.”

“तू कधी आणून दिलंस?”

मधुरिमाने चमचा परत पहिल्या जागी ठेवला, आणि या वेळी कस्तुरीला ते पाहायला आवडलं नाही. तिने वेटरला हाक मारली आणि सगळ्यांसाठी गोड मागवलं. “फेस नको हं भिया, जे चावता येईल ते आणा,” असं बजावून.

निघताना, लिफ्टपाशी, शाम आणि जयसिंगराव पार्किंगवरून वाद घालत असताना मधुरिमा कस्तुरीला चिकटून उभी राहिली. तिने दोन बोटांत हिरवं कापड धरून पाहिलं.

“ताई, खरं सांगा. कुठून घेतला?”

कस्तुरीने तिच्याकडे पाहिलं. मॉल तिथून खिडकीतून दिसत होता, त्याची पाटी लाल-निळी चमकत होती.

“राऊला,” ती म्हणाली.

“राऊला? राऊला असं मिळतं?”

“शोधलं तर.”

मंगळवारी दुपारी कस्तुरी खिडकीपाशी बसून आणखी एका बापाला मायग्रेशन समजावत होती. फोन वाजला. पलक होती, राऊच्या बाजारातून, आणि आवाज दाबून बोलत होती.

“मम्मा, काकूची पांढरी गाडी. बाजारात. तिसरी चक्कर आहे ही. आता काच खाली करून बांगडीवाल्याला फोटो दाखवतेय. सांगू का तिला?”

कस्तुरीने समोरच्या पालकाला हाताने ‘एक मिनिट’ अशी खूण केली आणि खुर्चीत जरा मागे रेलली.

“अजून एक होऊ दे,” ती म्हणाली. “मग घरी घेऊन ये चहाला.”